सलाईन लावलं, आता बघणार कोण?

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षातली डिसेंबरची रात्र. नाशिकमधल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात मी नाईटला होते. वॉर्डात बावीस पेशंट, मी आणि एक मावशी. पेठ तालुक्यातून दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला आलेल्या एक आजी जुलाब-उलट्यांनी दाखल होत्या. हाताला कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली प्लास्टिकची बारीक नळी, वर पोटॅशियम मिसळलेली एनएसची (नॉर्मल सलाईनची) बाटली. दोन वाजता मी थेंब पाहिले, व्यवस्थित पडत होते. त्यानंतर थेट पाचला त्यांच्या खाटेशी गेले. मनगटापासून कोपरापर्यंत हात फुगून चकचकीत झाला होता, हाताला गार लागत होता आणि कॅन्युलाच्या तोंडाशी कातडी पांढरी पडली होती. आजी जाग्याच होत्या.

“आजी, दुखत नव्हतं का हो?”

“दुखत होतं ना बाई. पन मला वाटलं सलाईन असंच असतं.”

तिथली कातडी पुढे काळी पडली, जखम झाली, ती भरायला महिन्याच्या वर लागला. आजींनी किंवा त्यांच्या मुलाने कुणाकडेही तक्रार केली नाही. पण सकाळी चार्ट भरताना मला माझंच अक्षर दिसलं: चार वाजता, आयव्ही फ्लुईड चालू, पेशंट आरामात. चारला मी तिथे गेलेच नव्हते. कोपऱ्यातल्या खाटेवर एकाला फिट आली होती, मी तिकडे अडकले होते, आणि साडेचारला चारचा रकाना सवयीने भरून टाकला होता.

आता मी नव्या मुलामुलींना सलाईन लावायला शिकवते. या लेखात जे सांगणार आहे ते या एका गोष्टीभोवती फिरतं. शीर सापडली का, हे शिकाऊ नर्सला सगळ्यात मोठं वाटतं. पुढे कधी प्रश्न उभा राहिला तर कायदा मात्र शिरेचं फारसं विचारत नाही. तो विचारतो: कोणी सांगितलं होतं, तुम्हाला ते येत होतं का, नंतर कोणी पाहिलं, आणि लिहिलंय कुठे?

बाटलीत असतं काय

नातेवाइकांना आणि कधीकधी आपल्यालाही याचा विसर पडतो, म्हणून आधी हे. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चमचाभरही नाही, बाकी पाणी. डी-फाईव्हच्या, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या, ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज. त्यातून मिळणारी ताकद साधारण एका केळ्याएवढी. ज्याला तोंडाने पिता येतं, उलटी होत नाही, शुद्ध आहे, त्याला बहुतेक वेळा ओआरएसचं पाकीट पुरतं.

मग शिरेतून का द्यायचं? कारण ते लगेच पोचतं. आणि धोका नेमका तिथेच आहे. चुकीची गोळी पोटात गेली तर थोडा तरी वेळ हातात असतो. शिरेत गेलेलं औषध अर्ध्या-एक मिनिटात हृदयापर्यंत जातं, ते परत काढता येत नाही. तोंड, पोट, यकृत ही शरीराची तपासनाकी आपण एका सुईने ओलांडून पुढे गेलेलो असतो. त्या नाक्यांवरची तपासणी मग आपणच करायची असते. प्रशिक्षण कशासाठी आणि कायदा कशासाठी, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

सलाईन लावायचा अधिकार कुठून येतो

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कनिष्ठ दर्जाच्या परवानाधारक नर्सला शिरेतून सलाईन सुरू करायचं तर वेगळा कोर्स करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडे सलाईनसाठी असा वेगळा परवाना नाही. त्यामुळे बरेच जण समजतात की आपल्याकडे काही नियमच नाही. नियम आहे, पण तो एका कागदावर सापडत नाही. चार गोष्टी एकत्र आल्या की तो अधिकार तयार होतो.

पहिली, नोंदणी. महाराष्ट्रात परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे आणि नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. जीएनएम (नर्सिंगची पदविका) असो वा बीएस्सी, परिषदेच्या नोंदवहीत नाव नसेल तर गळ्यात आयकार्ड आणि अंगावर युनिफॉर्म असूनही कायद्याच्या नजरेत तुम्ही नर्स नाही. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. ते राहून गेलेल्या, तरीही रोज इंजेक्शनं देणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात, आणि ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या राज्यात शिकून आलेल्यांनी इथली नोंदणी करून घ्यायची असते, हेही अनेकांना नोकरी लागल्यावर कळतं. देशपातळीवर १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा मंजूर केला. त्यात सगळ्या नोंदणीकृत नर्सेसच्या चालू नोंदवहीची तरतूद आहे. म्हणजे पुढे कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, हे झाकून राहणं अवघड होणार.

दुसरी, शिक्षण. बीएस्सीच्या मुली आपल्या नाशिकमधल्या म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा देतात, जीएनएमचं मंडळ वेगळं. दोन्हीकडे आयव्हीचा, म्हणजे शिरेतून देण्याचा, धडा आहे, प्रात्यक्षिकं आहेत. पण कॉलेजात डमी हातावर दहा वेळा टोचणं आणि रात्री तीन वाजता उलट्यांनी सुकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात शीर शोधणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलने नव्या नर्सला आपल्याकडे पुन्हा शिकवून, पाहून, सही करून मगच एकटीला सोडायला हवं. ही सही केलेली यादी असते, तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा. ‘तुम्हाला हे येत होतं का’ याचं उत्तर त्या कागदात असतं.

तिसरी, हॉस्पिटलचं स्वतःचं लेखी धोरण. कोणती औषधं नर्सने शिरेतून द्यायची, कोणती डॉक्टरांनीच, कोणती दोघांनी मिळून तपासायची, हे प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं असतं. रुजू झालात त्या आठवड्यातच ते मागून वाचा. धोरण लेखी नाही असं कळलं तर इन्चार्ज सिस्टरला लेखी विचारा. तुमचा विचारलेला कागदसुद्धा उपयोगाला येतो.

चौथी, डॉक्टरांची ऑर्डर. औषध, मात्रा, कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं, तारीख, वेळ, सही. ‘आरएल (रिंगर लॅक्टेट) २ बाटल्या’ ही ऑर्डर अर्धीच आहे. दोन तासांत की बारा तासांत? हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन आकड्यांमध्ये फुप्फुसात पाणी भरण्याएवढा फरक पडतो.

फोनवरच्या ऑर्डरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण अडचण इथेच होते. रात्री डॉक्टर फोनवर सांगतात, आपण ‘हो सर’ म्हणतो. त्याऐवजी आधी लिहून घ्यायचं, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं, आकडा सुटासुटा उच्चारायचा, “पंधरा, एक-पाच” असा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचं. केस पेपरवर फोनची वेळ आणि डॉक्टरांचं नाव टाकायचं, सकाळच्या राउंडला सही घ्यायची. डॉक्टर चिडतील असं नव्या मुलींना वाटतं. सुरुवातीला एखादे चिडतातही. महिनाभरात त्यांनाच तुमच्या शिफ्टचा भरवसा वाटायला लागतो, हे मी पाहिलेलं आहे.

न्यायालयात काय होतं

१९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मी प्रत्येक बॅचला सांगते. स्प्रिंग मेडोज निकाल म्हणून तो ओळखला जातो. दिल्लीतल्या एका खासगी हॉस्पिटलात टायफॉइडचं लहान मूल दाखल होतं. नर्सने वडिलांना एक इंजेक्शन आणायला सांगितलं, आणलेलं इंजेक्शन शिरेतून दिलं, मूल तिथल्या तिथे कोसळलं. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. डॉक्टरांनी सुचवलेलं औषध वेगळंच होतं. वरिष्ठ डॉक्टरांची सूचना अशी होती की इंजेक्शन डॉक्टरनेच द्यावं; निवासी डॉक्टरने ते नर्सवर सोपवलं. आणि जिच्यावर सोपवलं ती परिचारिका म्हणून पात्रच नव्हती, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आढळलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या यातनांसाठी पाच लाख अशी भरपाई कायम झाली.

यात एकच एक चूक शोधू नका. पात्र नसलेल्या व्यक्तीला कामावर ठेवणारं हॉस्पिटल, आपलं काम दुसऱ्यावर ढकलणारा डॉक्टर, अँप्युलवरचं नाव ऑर्डरशी ताडून न पाहणारा हात. यातली एक कडी जरी कुणी धरून ठेवली असती तरी त्या मुलाची इजा टळली असती. त्यातली शेवटची कडी नर्सच्या हातात होती. ती नेहमी आपल्याच हातात असते.

भरपाईच्या खटल्यात आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी हॉस्पिटलवर येते, तिथे ते आपल्या मागे उभं असतं. फौजदारी प्रकरणात मात्र ज्याने कृती केली तो एकटा उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असं घडलं तर कमाल मर्यादा दोन वर्षांची. मग नर्सचं काय? या कलमात वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे ज्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो, अशी व्याख्या आहे. परिचर्या परिषदेची नोंदवही वेगळी. म्हणजे शब्दशः वाचलं तर कमी शिक्षेची ती सवलत डॉक्टरला आहे, नर्सला नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते प्रत्येक वर्गात स्पष्ट सांगते. ज्या खाटेशी डॉक्टर दहा मिनिटं असतो तिथे नर्स आठ तास असते. तिच्याकडून चूक होण्याच्या जागा जास्त, आणि तिला कवच कमी.

घाबरून जाऊ नका, एवढंही सांगते. प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे गुन्हा नव्हे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वैद्यकीय कामात फौजदारी गुन्हा ठरायला निष्काळजीपणा ढोबळ, अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. साधारण कौशल्याच्या, काळजी घेणाऱ्या माणसाने त्या परिस्थितीत जे केलं असतं ते तुम्ही केलं का, हा मापदंड. शीर फुटून हात काळानिळा होणं सगळ्यांकडून होतं. सुजलेल्या हातात सहा तास सलाईन चालू राहणं मात्र काळजी घेणाऱ्याकडून होत नाही.

शिकवताना मी कुठे थांबते

टोचण्याचं तंत्र सगळे शिकवतात, ते मी भरभर सांगते. टर्निकेट, म्हणजे शीर फुगवायला बांधायचा पट्टा, टोचायच्या जागेच्या चार-सहा इंच वर. जागा शक्यतो मनगट आणि कोपर यांच्या मधली, सांध्यावर नको. डायलिसिसची फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) असलेला हात आणि स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात टाळायचा. स्पिरिटने अर्धा मिनिट चोळायचं, वाळू द्यायचं, आणि त्यानंतर बोट लावून शीर परत चाचपायची नाही. ग्लव्हजचं एक बोट कापून शीर चाचपायची खोड आपल्याकडे फार आहे. तो ग्लव्ह मग घातला काय आणि न घातला काय सारखंच. एका नर्सने जास्तीत जास्त दोन प्रयत्न करायचे, मग दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवायचं. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या मानकांतही हाच आकडा आहे. दोनदा चुकल्यावर थांबणं कमीपणाचं वाटून घेऊ नका.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. कॅन्युला आत सरकवताना अडलं, तर मागे काढलेली सुई पुन्हा कॅन्युलात घालायची नाही. कधीच नाही. मी वर्गात एक कोरी कॅन्युला घेते, सुई अर्धी मागे ओढते, कॅन्युला थोडी वाकवते आणि सुई पुन्हा पुढे ढकलते. प्लास्टिकच्या नळीतून सुईचं टोक आरपार बाहेर येतं. मग ते भिंगातून सगळ्यांना दाखवते. शिरेत हे झालं तर नळीचा तुकडा कापला जाऊन रक्तातून पुढे जाऊ शकतो. एकदा डोळ्यांनी पाहिलं की मला पुन्हा सांगावं लागत नाही.

मग थेंब. इथे नाशिककरांना एक सोय आहे, कारण वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी ठिबक आहे. ड्रीपरवर ताशी किती लिटर लिहिलेलं असतं, वेलीला किती पाणी हवं ते आधी ठरतं आणि किती वेळ चालू ठेवायचं ते त्यावरून निघतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. सलाईनचं गणित तेच, फक्त इथे ड्रीपर आपलं बोट. साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिली होतो, मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचायचं. ५०० मिली चार तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटमध्ये आणखी सोपं: ताशी जितके मिली, मिनिटाला तितके थेंब. आणि बागेत नळी चोंदली, दाब बदलला की थेंब बदलतात, तसंच पेशंटने कूस बदलली, हात दुमडला, बाटली रिकामी होत आली की इथेही बदलतात. सुरू करताना मोजलेला आकडा तासाभराने खरा असेलच असं नाही. म्हणून हातात घड्याळ हवं, मोबाइल नाही.

पोटॅशियम क्लोराईडसाठी वेगळा तास. त्याची दहा मिलीची अँप्युल दिसायला इतर अँप्युलसारखीच, पाण्यासारखी. तिच्यात बहुधा २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ती सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत दिली तर हृदय बंद पडतं. त्यामुळे ती नेहमी पातळ करून, हळू, आणि साध्या हाताच्या शिरेतून ताशी दहा मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपासच, वॉर्डाच्या धोरणाप्रमाणे. टांगलेल्या बाटलीत खालून सुई घालून पोटॅशियम टाकलं आणि बाटली हलवली नाही, तर ते तळाशी नळीच्या तोंडाजवळ साठतं आणि पहिल्या काही मिनिटांत बरंचसं एकदम जातं. म्हणून बाटली काढायची, औषध घालायचं, उलटसुलट करून नीट मिसळायचं, वर लेबल लावायचं, मग टांगायची. इन्सुलिन, हेपारिन, नॉरअॅड्रिनलिन, मॅग्नेशियम सल्फेट यांनाही हाच मान. दोन जणींनी स्वतंत्रपणे तपासायचं. ‘तू पाहिलंस ना, मग ठीक आहे’ याला तपासणं म्हणत नाहीत.

काय कशाबरोबर चालत नाही तेही लक्षात हवं. फिटचं औषध फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की खडे होतात, ते एनएसमध्येच. सेफ्ट्रायअॅक्झोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम असलेलं आरएल एकाच नळीतून एकत्र नको; नवजात बाळात तर हा प्रकार जिवावर बेततो. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घाईने दिलं की अंग लाल होतं, बीपी पडतं, त्याला किमान तास द्यायचा. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही आणि पिशवी चार तासांत संपवायची.

आणि आता पाहणं. शुद्धीत असलेल्या, बोलणाऱ्या मोठ्या माणसाची कॅन्युलाची जागा निदान चार तासांनी, बेशुद्ध किंवा अत्यवस्थ पेशंटची तास-दोन तासांनी, बाळाची दर तासाला. पाहणं म्हणजे दारातून थेंब बघणं नव्हे. हात सुजलेला असतानाही थेंब पडत राहतात, हे मी फार महागात शिकले. पांघरूण बाजूला करायचं, दोन्ही हात शेजारी ठेवून जाडी ताडायची, बोटाने दाबून पाहायचं, गार आहे की गरम, लाल रेघ आहे का, चिकटपट्टी ओली आहे का. गार आणि फुगलेलं म्हणजे पाणी बाहेर मांसात चाललंय. गरम, लाल, दोरीसारखी टणक म्हणजे शीर सुजली आहे. दोन्ही वेळा आधी बंद करायचं, मग विचार करायचा. पोटॅशियमसारखं जाळणारं औषध बाहेर गेलं असेल तर कॅन्युला काढण्याआधी सिरिंज लावून जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढायचं, डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि सुजेची हद्द पेनाने आखून ठेवायची, म्हणजे वाढली की कळते.

लिहिणं

माझी त्या रात्रीची नोंद वर दिली आहे. आता अशी नोंद पाहा: “पहाटे ५.१०. उजव्या हाताच्या कॅन्युलाच्या जागी सूज, साधारण ६ सेंमी, थंड, पेशंट दुखत असल्याचं सांगतात. ड्रीप ५.१० ला बंद. अंदाजे १८० मिली गेलेलं. ५.१५ ला ड्युटी डॉक्टरांना फोन, येऊन पाहिलं ५.३०. हात उंच ठेवला. डाव्या हाताला २२ नंबरची नवी कॅन्युला, पहिल्या प्रयत्नात. मुलाला समजावून सांगितलं.” यात नर्सने स्वतःला वाचवायला काही लिहिलेलं नाही, झालं तेच लिहिलंय. आणि तेच तिला वाचवतं.

खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारून सही. उशिरा लिहिलं तर ‘उशिराची नोंद’ असं म्हणून खरी वेळ टाकायची. न केलेलं लिहायचं नाही, आणि यापुढे मला काही म्हणायचं नाही. पेशंटने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. दोन वर्षांनी तुम्हाला ती रात्र आठवणार नाही, फक्त कागद बोलेल.

शेजारच्या काकू

नाशिकच्या सिडकोत, पंचवटीत, सातपूरला राहणाऱ्या प्रत्येक नर्सने हे ऐकलेलं आहे. संध्याकाळी बेल वाजते. शेजारच्या काकू मेडिकलमधून बाटली, सेट, सगळं घेऊन उभ्या. “ताई, ह्यांना फार अशक्तपणा आलाय. एक बाटली लावून द्या ना, तुम्हाला काय, रोजचंच आहे.” नाही म्हणायला जीभ रेटत नाही. काकूंनी आपल्या बाळंतपणात डबे दिलेले असतात.

तरीही नाही म्हणा. ऑर्डर नाही, तपासणी नाही, काकांच्या किडनीचं, हृदयाचं काही माहीत नाही, रिअॅक्शन आली तर जवळ अॅड्रिनलिन नाही, ऑक्सिजन नाही. थंडी वाजून अंग थरथरायला लागलं तर त्या खोलीत तुमच्या मागे ना हॉस्पिटल उभं आहे, ना धोरण, ना डॉक्टर. ज्या चार गोष्टींवर तुमचा अधिकार उभा असतो, त्यातल्या दोन-तीन दाराबाहेरच राहिल्या. मी काय करते ते सांगते. मी त्यांच्या घरी जाते, बीपी बघते, साखर बघते, ओआरएस बनवून माझ्या हाताने एक ग्लास पाजते आणि रिक्षा बोलावून दवाखान्यात सोबत जाते. बाटली लावण्यापेक्षा यात जास्त वेळ जातो. पण आजवर एकाही काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही.

सुयांचंही थोडक्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुया पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात. आयव्ही सेट आणि नळ्या लाल पिशवीत. काचेच्या अँप्युल निळ्यात. २०१६ पासूनचे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत हे. बाटलीला हवा जावी म्हणून वरून सुई खुपसून ठेवणं आणि एकाच बाटलीतून पाच जणांच्या लाईन फ्लश करणं (नळ्या धुऊन मोकळ्या करणं), या दोन सवयी आजच सोडा. सुई टोचली तर बोट पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि तडक कळवा. एचआयव्ही टाळायची औषधं होता होईल तो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ड्युटी संपल्यावर बघू म्हणून थांबलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तंबूंमधल्या दवाखान्यांत कितीतरी नव्या नर्सेस उभ्या असतील, दुसऱ्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून आलेल्या. पावसाळा, चिखल, गर्दी, आणि भाषा न कळणारे यात्रेकरू. ओळखपत्र नसलेल्या माणसाच्या मनगटावर नाव-गाव लिहून पट्टी बांधायची सवय आणि चिकटपट्टीवर तारीख, वेळ, कॅन्युलाचा नंबर, स्वतःची आद्याक्षरं टाकायची सवय आत्ताच हाताला लागली तर तिथे ती आपोआप होईल.

माझ्या वर्गात शेवटच्या दिवशी मी एक वाक्य पाठ करून घेते. सलाईन सुरू केल्यावर, तिथून हलण्याआधी, पेशंटच्या डोळ्यांकडे बघून, त्याला कळेल अशा बोलीत ते म्हणायचं: “सलाईन दुखत नसतं. दुखलं, जळजळलं, गार लागलं, ओलं लागलं तर लगेच हाक मारा. रात्री दोन वाजता सुद्धा.”

गेल्या बॅचमधली एक मुलगी पहिल्याच आठवड्यात सुरगाण्याच्या एका बाईंना बाटली बदलताना हे सांगत होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि पदराखाली झाकलेला हात हळूच बाहेर काढला. “मंग हे बघ की,” त्या म्हणाल्या, “दुपारधरनं दुखतंय.”